विकतचं काय न्हाई

आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा दिल्या आणि काठावर का होईना, बहुतेक ठिकाणी पास झालो. सपशेल नापास झालो तो एकाच ठिकाणी, कोरेगावच्या माझ्या घरमालकीणबाईंच्या हत्तीघासात. तिथं माझ्या नावाचा एक वाफा होता आणि मी तिथं राहत होतो तेवढी सगळी वर्षं तो पिवळा राहिला.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. मी सांगलीचा, गावभागातला. आमच्या घराण्यात शेती कुणी केलेली नाही. आमच्याकडं हिरवं म्हणजे दारातली तुळस आणि मंडईतली कोथिंबीर. कोरेगावच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि गावाबाहेर, कॅनॉलच्या अंगाला, या बाईंकडं भाड्याची खोली मिळाली. बाई साठी ओलांडलेल्या, उंच, काटक, आणि आवाज असा की कॅनॉलपलीकडच्या माणसालाही फोन करायची गरज पडू नये. नवरा लष्करातून निवृत्त झाला, त्यानं जमिनीचा हा तुकडा घेतला, कडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि वारला. मुलगा पुण्यात कंपनीत. दावणीला दोन म्हशी. येणारा-जाणारा प्रत्येक जण बाईंना आक्का म्हणायचा, मीही म्हणायला लागलो.

खोली दाखवताना आक्कांनी भाड्याचं मागनं बोलू म्हणून सांगितलं आणि आधी न्हाणी दाखवली. न्हाणीतून एक पाइप भिंतीबाहेर पडत होता आणि थेट मागच्या हत्तीघासात जात होता. हत्तीघास म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत. कापलं की पुन्हा फुटतं, आणि म्हशींचं रोजचं पोट त्यावरच भरतं. प्रत्येक खोलीचा पाइप वेगळा आणि प्रत्येक पाइपाखालचा वाफाही वेगळा. मला वाटलं, काय बाईंची पाण्याची बचत. मी तसं कौतुकानं बोलूनही दाखवलं.

"पानी हायच की, पन नुसतं पानी न्हाई," आक्का म्हणाल्या. "सर, न्हाणीत फिनेल वतायचं न्हाई. निळी पावडर न्हाई. आन् सकाळचं पयलं हितंच करायचं. कॉलेजात नेऊन न्हाई."

हे समजायला मला थोडा वेळ लागला. समजल्यावर माझ्या घराण्यातल्या कुठल्याही पुरुषानं जे केलं असतं तेच मी केलं. भिंतीवरच्या पालीकडं बघत "हो हो" म्हणालो आणि सामान आत घेतलं.

आक्कांच्या या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक अट होती. नवरा गेल्यावर मुलगा म्हणायला लागला, आई, म्हशी विक आणि पुण्याला चल. आक्का म्हणायच्या, म्हशी माझ्या, रान माझं, मी तुझ्यावर भार घालत नाही, तू मला हलवू नको. शेवटी मायलेकांत तोडगा निघाला. आक्कांनी खुशाल राहावं, पण ज्या दिवशी दावणीला विकतची वैरण येईल किंवा रानात विकतचं खत पडेल, त्या दिवशी म्हशी टेम्पोत आणि आक्का पुण्याच्या गाडीत. त्या तुकड्यात खताच्या गोणीशिवाय दोन म्हशींची वर्षाची वैरण निघत नाही, असं मुलाला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा चुकीचा नव्हता. आई दमेल आणि येईल, असा मुलाचा हिशेब होता.

आक्का दमल्या नाहीत. त्या फुकट खताच्या मागं लागल्या. "विकतचं काय न्हाई" हे वाक्य त्या जागेपणी सतत म्हणायच्या आणि माझी खात्री आहे, झोपेतही म्हणत असाव्यात. म्हशींच्या गोठ्याला त्यांनी उतार काढून घेतला होता, मुताचा एक थेंब वाया जात नव्हता. शेण खड्ड्यात कुजायचं. हॉटेलातला चहाचा चोथा, न्हाव्याकडचे केस, गुऱ्हाळाची राख, कुणाच्या पोल्ट्रीतली घाण, सगळं आक्कांच्या पाटीतून हत्तीघासाकडं चालू लागायचं. आणि भाडेकरू म्हणजे तर घरातली दुभती जनावरंच, फक्त उलट्या अंगानं.

रविवारी सकाळी वाफ्यांची पाहणी व्हायची. शेजारच्या खोलीत एसटीचे एक कंडक्टर राहायचे. माणूस धिप्पाड, रविवारी मटण, इतर दिवशी अंडी, आणि पाणी प्यायचा ते कळशीनं. त्यांचा वाफा काळाभोर हिरवा. पात इतकी रुंद की हात कापला जायचा. त्याला लागून माझा वाफा, आजारातनं उठल्यासारखा. आक्का मधल्या पाटात उभ्या राहायच्या, एकदा तिकडं बघायच्या, एकदा इकडं, आणि मग माझ्याकडं बघून नुसता सुस्कारा टाकायच्या. लहानपणी आमच्या आळीतल्या एका हुशार मुलाकडं बोट दाखवून माझी आई असाच सुस्कारा टाकायची. त्या मुलाच्या तावडीतून सुटायला मी नोकरी धरली आणि इथं कंडक्टर निघाले.

एकदा मी चिडलो. फळ्यावर शिकवावं तसं अंगणात उभं राहून आक्कांना शिकवलं. मूत्रात युरिया असतो, युरियात नत्र असतं, नत्रानं पान हिरवं होतं, पण ते भरपूर पाण्यात मिसळून द्यावं लागतं, नाहीतर मुळं भाजतात. आवाज जरा चढवूनच सांगितलं. आक्कांनी पदर खोचून, मन लावून ऐकलं.

"येवढं समदं म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, "मग तुमच्यात का न्हाई?"

त्यांचा माझ्याबद्दलचा संशय असा होता की दिवसभराचा माल मी कॉलेजला दान करून येतो आणि घरी येताना रिकामा येतो. सुटीत मी सांगलीला निघालो की त्या दारापर्यंत यायच्या आणि वाफ्याचा विचार करून लवकर या, असं सांगायच्या. तीन वेळा वरणभात खाणारा माणूस रानाच्या काही कामाचा नाही, हे मत त्यांनी माझ्या आईलाही ऐकवलं. आईला वाटलं, बाई माझ्या प्रकृतीची काळजी घेते. तिनं त्यांना लाडू पाठवले. आक्कांनी ते कंडक्टरना दिले, कारण तिथं निदान काही उगवत होतं.

यातून माझं एक लग्न मोडलं. वाईचे एक गृहस्थ मुलीसाठी मला बघायला आले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, टेबलावर पुस्तकं रचून ठेवली होती. चहा झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे घरमालकिणीकडं चौकशी केली, मुलगा कसा आहे. आक्का त्यांना मागच्या दारानं घेऊन गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. आक्कांनी आधी कंडक्टरांचा वाफा दाखवला, मग माझा. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि बिचाऱ्यांना माझं वाईटही करायचं नव्हतं. पोरगं गुणाचं आहे, दारू नाही, तंबाखू नाही, पण अंगात कस कमी, असं त्यांनी सांगितलं म्हणे. गृहस्थ परत आले, माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं, आणि कळवतो म्हणून गेले ते अजून कळवताहेत. पुढं माझं लग्न झालं, पण त्या मुलीकडच्यांना मी साताऱ्यातल्या एका हॉटेलात भेटलो.

आक्कांचं सगळंच बरोबर यायचं असंही नाही. गुऱ्हाळाची राख त्यांनी एका पावसाळ्यात इतकी जाड पसरली की खालचं गवत महिनाभर जागचं हललं नाही. पोल्ट्रीची घाण न कुजवता घातली तेव्हा पातीची टोकं भाजली, वर माशा अशा झाल्या की कंडक्टर मुद्दाम मुक्कामाची ड्यूटी मागून घ्यायला लागले. मी दबक्या आवाजात म्हणालो की आक्का, हा प्रयोग फसला. फसला हा शब्द त्यांना ठाऊकच नव्हता. "रान रुसलंय," त्या म्हणायच्या, आणि रुसलेल्या रानाजवळ जाऊन खरंच दोन शब्द गोड बोलायच्या.

आणि ती वरात. गावात एका बड्या घरचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, मागं डीजे, मधे आमच्या कॉलेजची बारावीची बहुतेक पोरं नाचत होती. आक्का नव्या इरकलीत, मी त्यांच्या शेजारी, सरांना शोभेल असा चेहरा करून. चौकात घोडा थांबला आणि त्यानं लीद टाकली. आक्कांचा चेहरा उजळला. आहेराच्या भांड्याची कापडी पिशवी त्यांच्या हातात होती. भांडं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, खाली वाकल्या, दोन्ही हातांनी लीद पिशवीत भरली आणि पिशवीसुद्धा माझ्याच हातात दिली, कारण त्यांना हात धुवायचे होते. मी एका हातात तांब्याची कळशी आणि एका हातात लिदीची पिशवी घेऊन भर चौकात उभा. बँड थांबलेला. बारावीच्या पोरांनी फोन काढले. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आजचा विषय: सेंद्रिय रसायनशास्त्र.' विषय खरोखर तोच होता, त्यामुळं मला रागावताही आलं नाही.

एकदा मुलानं त्यांना पुण्याला नेलं होतं. राहायचं म्हणून गेल्या आणि लगेच परत आल्या. मी विचारलं, कसं वाटलं. मुलाचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे, नात गोड आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग चुलीपुढं सरकल्या. म्हणाल्या, एवढी माणसं उभीच्या उभी एकावर एक राहतात, सकाळी सगळी पाणी ओढतात, आणि एवढ्या माणसांचं सगळं जातं कुठं, ते कुणालाच माहीत नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आई, जेवताना नको. त्या घरात त्यांना कशाचं तरी काहीतरी व्हायला हवं होतं आणि कशाचंच काही होत नव्हतं. हे त्या हसत सांगत होत्या, पण त्यांचा हात उगाचच चुलीपुढची राख सारखी करत होता.

मग तो कडक उन्हाळा आला. कॅनॉलचं पाणी लांबलं, हत्तीघास गुडघ्याएवढा होऊन खुंटला, अगदी कंडक्टरांचासुद्धा. आक्का विळा घेऊन कॅनॉलच्या कडेनं दिवसभर हिंडायच्या आणि बांधावरचं गवत कापून म्हशी जगवायच्या. खरी काळजी उरलेल्या अर्ध्या तुकड्याची होती. तिथं पावसाळ्यात त्या कडवळ पेरायच्या. कडवळ म्हणजे वैरणीसाठीची दाट ज्वारी. ती कापून, वाळवून, गंजी रचली की दिवाळीनंतरचं वर्ष निघायचं. पण सालोसाल घेऊन ते रान थकलं होतं. मागच्या साली कडवळ बोटाएवढं बारीक आलं होतं आणि गंजी होळीलाच संपली होती. या पावसाआधी त्या तुकड्याला भरपूर खत मिळालं नाही, तर दिवाळीनंतर वैरण विकत घ्यावी लागणार, हे उघड होतं. विकत म्हणजे टेम्पो आणि पुणे. आक्का पाट्यांनी शेण टाकत होत्या आणि तुकडा ते गिळून पुन्हा तोंड वासत होता. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी विकतचं काय न्हाई ऐकलं नाही.

मे महिन्याच्या मध्यात एका संध्याकाळी आक्का माझ्या दारात आल्या. चेहरा फुललेला. म्हणाल्या, उद्यापासनं आपल्या रानात वाडा बसायचाय, स्कूटर तेवढी आत घ्या. मी हादरलो. माझ्या मराठीत वाडा म्हणजे चौक, दिंडीदरवाजा आणि भाडेकरूंचे खटले. मी विचारलं, बांधकामाची परवानगी काढली का. आक्का माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं.

वाडा म्हणजे मेंढपाळांचा तांडा. दिवाळीनंतर माण तालुक्यातली मेंढपाळ कुटुंबं कळप घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो. रात्री मेंढरं जाळीत कोंडून एका तुकड्यावर बसवतात, दुसऱ्या दिवशी जाळी पुढं सरकते, असं करत अख्खं रान लेंडीनं आणि मुतानं भरून निघतं. गोणीच्या खतानं होणार नाही ते काम होतं. निघताना शेतकरी वाड्याला ज्वारी घालतो. हे मला सगळं कंडक्टरांनी समजावलं, तेही माझ्या खांद्यावर हात ठेवून, ज्याची गरज नव्हती.

वाडा आला. सगळा कळप, सामान लादलेली घोडी, कोंबड्या, बायका, आणि सगळ्यांच्या पुढं एक म्हातारा, लाल पटका आणि खांद्यावर घोंगडं. आक्का मालकिणीच्या थाटात पुढं झाल्या. जाळी कुठं लावायची, कुठल्या कोपऱ्यात मेंढरं जास्त बसायला हवीत, बांधाला किती सोडायचं, यावर त्यांनी म्हाताऱ्याशी रोज भांडण काढलं आणि रोज त्या जिंकल्या. त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

एकदा उन्हं कलताना आम्ही दोघंच बांधावर होतो. मेंढपाळ कॅनॉलवर पाण्याला गेले होते. कळपातली काही मेंढरं हत्तीघासाकडं सरकली. मी 'शुक शुक' केलं, त्यांनी माझ्याकडं माझ्या विद्यार्थ्यांइतकंच लक्ष दिलं. तेवढ्यात आक्कांनी घशातून एक आवाज काढला. खालून वर चढणारा, शेवटी जीभ टाळ्याला लावून तोडलेला. अख्ख्या कळपानं एकदम माना वळवल्या आणि सगळा कळप आक्कांकडं बघत उभा राहिला.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचा जन्म वाड्यात झाला होता. बाप मेंढपाळ, आई मेंढपाळ, लग्न होईपर्यंत त्या याच वाटेनं चालत होत्या. मेढ्याचा डोंगर उतरून कोकण, आणि परत. कुठल्या गावच्या कुठल्या रानात किती दिवस बसायचं, हे त्यांच्या बापाला पाठ. मुलाला हे माहीत होतं, पण पुण्यात त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिथं तो स्वतःला कोरेगावचा शेतकरी म्हणवून घ्यायचा. या म्हाताऱ्याला आपण कोण आहोत हे आक्कांनीही सांगितलं नव्हतं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, सांगितलं तर आपल्यातलीच म्हणून तो माझी ज्वारी घ्यायचा नाही.

"सर, माझ्या बापानं उभा जलम दुसऱ्याच्या रानात काढला. मानसं ज्वारी घालायची, आमी पुढं चालायचो. मला लय वाटायचं, आपल्या रानात कुनीतरी यावं, बसावं, आन् आपुन घालावी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, नाकाला लावला. "आता बसलं बगा."

ज्वारी मात्र घरात नव्हती. रानात वैरणच व्हायची, दाणा नाही. ती बाजारातून आणायची कामगिरी माझ्यावर आली. पोतं स्कूटरवर पुढं ठेवून मी निघालो आणि कॅनॉलच्या वळणावर पोत्यासकट आडवा झालो. ज्वारी सांडली नाही. माझं कोपर सोलवटलं. आक्कांनी आधी पोतं तपासलं.

त्याच आनंदात त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल केला. रान दाखवलं, मेंढरं दाखवली. तिकडून मुलगा म्हणाला, हे फुकट बसतात काय. आक्का म्हणाल्या, ज्वारी घालायची असते. ज्वारी कुठली, त्यानं विचारलं. बाजारातली, आक्का म्हणाल्या, सरांनी आणली. आणि मग त्यांना काय झालं ते कळलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी फोन धरून उभा होतो, माझं कोपर दुखत होतं.

वाडा निघायच्या सकाळी टेम्पो आला. मुलगा पुढं बसला होता. चांगला माणूस, आवाज न चढवणारा, बोलणं अगदी पुणेरी स्वच्छ. त्यानं आधी आईच्या पायाला हात लावला, मग म्हणाला की आई, आपलं ठरलं होतं. ज्वारी विकत घेतली, ज्वारी देऊन खत घेतलं, म्हणजे खत विकत घेतलं. पैशाऐवजी धान्य दिल्यानं काही बदलत नाही. आक्का म्हणाल्या, वाड्याला घालतात ती ज्वारी विकतची नसते, रीत असते. दोघंही आपापल्या जागी ठाम. आणि मग त्या दोघांना एकदम माझी आठवण झाली. सर शिकलेले आहेत, त्रयस्थ आहेत, सरांनी सांगावं.

मी घसा साफ केला. खरेदी या शब्दाची व्याख्या कशी कराल त्यावर अवलंबून आहे, असं मी म्हणालो. एका अर्थी हा विनिमय आहे, पण दुसऱ्या अर्थी पाहिलं तर परंपरेचा भाग आहे, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी बराच वेळ बोललो असावा, कारण टेम्पोवाला मधेच जाऊन तंबाखू मळून आला. मी थांबलो तेव्हा मायलेक दोघंही माझ्याकडं सारख्याच नजरेनं बघत होते. आक्का माझ्या पिवळ्या वाफ्याकडं बघायच्या ती नजर.

"तुझ्या आज्याला ज्वारी घालनारी मानसं," आक्का मुलाला म्हणाल्या, "त्याला इकत घेत न्हवती रं."

मुलानं पटकन टेम्पोवाल्याकडं बघितलं. "आई, हळू बोल. आजोबांचं इथं काय?"

आक्का हळू बोलल्या नाहीत, पण जोरातही बोलल्या नाहीत. त्या आत गेल्या, पोत्यातल्या ज्वारीनं भरलेला पत्र्याचा डबा ओढत बाहेर आणला, वर मापटं ठेवलं आणि मुलाच्या पुढं केला. विकतच आहे तर मग तूच मापून दे, असं त्यांनी सांगितलं. म्हातारा बांधाजवळ उभा होता. त्यानं रीतीप्रमाणे घोंगडं जमिनीवर पसरलं आणि बाजूला झाला. मागं घोडी लादून तयार होती.

मुलगा हट्टाला पेटला. पायातले बूट न काढता तो ढेकळांतून डबा घेऊन गेला, खाली बसला आणि मापट्यानं ज्वारी घालायला लागला. प्रत्येक मापटं तो हातानं सपाट करत होता. आक्का दावणीजवळ उभ्या होत्या, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, आणि तो हात हलत नव्हता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकदा त्यांना हे आपल्या हातानं घालायचं होतं, आणि ते असं मापून जात होतं.

म्हातारा थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं सगळी म्हातारी माणसं विचारतात ते सहज विचारलं.

"कुनाचा रं तू?"

मुलाचं मापटं अर्ध्यात थांबलं. तो काय सांगणार हे मला पाठ होतं. कोरेगावचे आम्ही, वडील मिलिटरीत होते, मी पुण्याला असतो. तो काहीतरी बोलायला लागला आणि थांबला. त्यानं वर बघितलं, म्हाताऱ्याच्या पटक्याकडं, मागच्या घोड्यांकडं, मग दावणीकडं. आक्का त्याच्याकडं बघतही नव्हत्या.

त्यानं आजोबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, गावासकट. म्हणाला, "त्यांचा नातू मी. लेकीचा लेक."

 म्हाताऱ्यानं मुलाच्या डोक्यावरून दावणीकडं बघितलं, आक्का होत्या तिकडं. रोज जाळीवरून भांडणाऱ्या मालकिणीकडं तो बराच वेळ बघत होता. मग खाली बघून मुलाला म्हणाला, "मग मापटं कशाला धरलंस हातात?"

मुलानं मापटं मातीत ठेवलं. दोन्ही हातांनी डबा उचलला आणि घोंगड्यावर सगळाच्या सगळा उलटा केला.

रस्त्यावरून टेम्पोवाला ओरडून विचारत होता, सायेब, म्हशी कवा चढवायच्या.

"न्हाई चढवायच्या," मुलगा खाली मान घालून म्हणाला. बाहेर सांडलेले दाणे तो एकेक करून घोंगड्यावर टाकत होता.